वरची बाजू

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर एकशे चौदा.
दिघेकाकांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम
अजून व्हॉल्व्ह दाखवतो:
गेट, ग्लोब, बॉल, बटरफ्लाय.
माउसनं फिरवला की फिरतो,
पोट उघडलं की आतली सीट दिसते,
सीटखालचं गॅस्केटसुद्धा.
सगळं ओपनजीएलमध्ये.
त्याला एकदा सांगायचं लाल,
की दुसरं काही सांगेपर्यंत लालच.
नाक्यावरच्या चहावाल्याला एकदा ‘साखर कमी’ म्हटलं
की वर्षभर कमी, तसं.
कोडच्या मधोमध काकांचा शेरा, शुद्ध मराठीत:
इथे हात लावू नये.
का ते आता आठवत नाही, पण लावू नये.

मग निमेषभाईंच्या मुलानं मॅक घेतला.
मॅक म्हणाला, हे जुनं झालं.
चालवतो अजून, पण भरवशावर राहू नका.
जागा खाली करा, तारीख मागाहून कळवू,
असल्या नोटिशीची भाषा.
त्याला मेटल हवं.
ऑफिसातल्या विंडोजला त्याचं डायरेक्ट-थ्रीडी.
ट्रेनिंगच्या खोलीत लिनक्स, तिथे व्हल्कन.
आणि तळाला कार्ड कुठलंही असो,
त्याला शेवटी त्रिकोणच कळतात.

व्हल्कनमध्ये पहिला त्रिकोण काढायला
मला साडेनऊशे ओळी लागल्या.
कार्ड कुठलं, रांग कुठली, मेमरी कोणी द्यायची,
कोणी कोणासाठी थांबायचं.
लग्नाच्या याद्यांना दोन्हीकडची माणसं बसतात ना,
सगळं आधी लिहून घ्या, मागून रुसवे नकोत.
रात्री सव्वा वाजता तो उमटला.
नारिंगी, तळहाताएवढा.
मी आईला उठवलं.
ती चष्म्याशिवाय बघून म्हणाली,
समोसा छान आहे. झोप आता.

तीनदा लिहिलं तरी पगार एकदाच.
म्हणून मध्ये एक थर घातला,
वरून काकांची बोली, खालून ज्याची त्याला.
यात मला नवं काही नव्हतं.
रावपुऱ्यात वाढले मी.
गल्लीत गुजराती, बँकेत हिंदी,
घरी असलं मराठी की पुण्याची मावशी गालात हसते.
आम्ही पंखा लावत नाही, पंखा करतो.
वारा येतो.

सोमवारी थर चढवला. तिन्हीकडे व्हॉल्व्ह उमटला.
पितळ मॅकवर हळदीसारखं,
विंडोजवर जरा कळकट, पण पितळच.
मी लीलो चेवडा वाटला.

गुरुवारी खाली गेले
तर ठाकोरभाई मिस्त्रींच्या बाकावर, शेगड्यात,
ग्लोब व्हॉल्व्ह शीर्षासनात.
हँडव्हील खाली, बूड छताकडे.
शेजारी ट्रेनिंगमधून उचलून आणलेला लिनक्स,
त्याच्या स्क्रीनवरही तसाच.

व्हल्कनमध्ये उभा अक्ष खाली वाढत जातो.
काकांचा वर.
मध्ये फक्त एक उणे चिन्ह,
आणि तेच माझ्या हातून राहिलेलं.

चार दिवस असंच? मी विचारलं.
हां बेन, ते म्हणाले, मला वाटलं नवी पद्धत असेल.
चित्र उलटं, तर आपण पण उलटं. मान तरी दुखत नाही.
मग कापसाच्या बोळ्यानं बोट पुसलं
आणि काचेवर ठेवलं, स्पिंडलच्या जागी.
पण हे आटे डाव्या हाताचे दिसतात.
असा व्हॉल्व्ह आपण कधी केला नाही.
तेवढं बघा.

उलटं नव्हतंच नुसतं. आरशातलं होतं.
तीन स्क्रीनवर, तीन मशिनींवर
मी आणि दोन इंजिनियर बघत बसलो होतो रंग.

वर जाऊन चिन्ह घातलं.
नेमकं काकांच्या शेऱ्याखाली, जिथे हात लावायचा नव्हता.
तिथे त्यांचंही एक उणे होतं, वर्षानुवर्षांचं,
कोणी दाखवून दिलेलं, कोण जाणे.
मी खाली लिहिलं:
हे ठाकोरभाईंमुळे. काढू नये.

खिडकीतून पाहिलं तर ते व्हॉल्व्ह सरळ करत होते,
आणि मान अजून किंचित वाकडी.